ठिबकची नळी आणि नाशिकची खोली

पत्राचा सारांश: धुळे जिल्ह्यातील एका गावातून एका आईने हे पत्र लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. मिक्सर, कूलर किंवा वरातीचा बँड सुरू झाला की तो कानांवर हात दाबून किंचाळतो. केस कापणे आणि नखे काढणे ही घरातल्या चौघांनी धरून करायची कामे झाली आहेत. दहीभात, बिस्कीट आणि कोरडी पोळी यांपलीकडे तो काही खात नाही. बोलायला उशिरा लागला. आता बोलतो, परंतु पुष्कळदा जाहिरातींतील वाक्येच पुन्हा पुन्हा म्हणतो. बालवाडीत तो एका जागी बसत नाही आणि पेन्सिल धरत नाही. बालरोगतज्ज्ञांनी विकासाची तपासणी करून घेण्यास आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू करण्यास सांगितले. नाशिकच्या एका खासगी केंद्राने आठवड्यातून तीन दिवस, किमान वर्षभर, असा कार्यक्रम आखून दिला. शेतीमुळे पतीला गाव सोडता येत नाही, म्हणून मुलाला घेऊन एकटीने नाशिकला खोली करून राहावे, असे आईच्या मनात आहे. फी, भाडे आणि येणे-जाणे मिळून महिन्याला पंचवीस हजारांचा अंदाज आहे. त्यासाठी सोने मोडावे लागेल. पती म्हणतात, मीही उशिराच बोलायला लागलो होतो. सासूबाई म्हणतात, “लाडमा पोऱ्या बिघडी गया.” आईचा प्रश्न असा: “जूनमध्ये पहिलीत जाण्याआधी तो इतर मुलांसारखा व्हावा म्हणून मी घर सोडून जावे का? की हा माझा हट्ट आहे?” पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे: “शेतात मात्र तो असा नसतो. सासऱ्यांबरोबर ठिबकच्या नळ्या ओढत बसतो आणि त्या रात्री लवकर झोपतो.”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रातील सर्वांत मोलाची ओळ तुम्ही सही केल्यानंतर, जणू राहून गेली म्हणून, खाली लिहिली आहे. तिच्याकडे मी येणारच आहे. आधी तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते, कारण ते वाचल्याशिवाय पुढचे वाचण्याचे स्वास्थ्य तुम्हाला मिळणार नाही. माझ्या मते आत्ता नाशिकला बिऱ्हाड करू नये. परंतु थांबून वाट पाहणे, जे तुमचे पती सुचवत आहेत, तेही करू नये. आणि हा तुमचा हट्ट मुळीच नाही. एका आईने जे पाहायला हवे ते तुम्ही पाहिले आहे, फक्त त्यावरचा उपाय कुठे सापडतो याविषयी तुम्ही जे गृहीत धरले आहे, त्याबद्दल मला थोडे बोलायचे आहे.

‘ऑक्युपेशनल’ या शब्दाने आपल्याकडे बराच गोंधळ केला आहे. मराठीत त्याला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात आणि साडेपाच वर्षांच्या मुलाला कसला आला व्यवसाय, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले तर त्यांची चूक नाही. येथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती कामे: मुलाच्या बाबतीत जेवणे, आंघोळ करणे, कपडे घालणे, खेळणे, झोपणे, चार जणांत बसणे. ही शाखा आपल्या राज्याला नवी नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शिक्षणाची सुरुवात केली. तेव्हापासून आजपर्यंत या शाखेचे मूळ सूत्र बदललेले नाही, आणि ते असे की माणसाला त्याच्या रोजच्या कामांत, त्याच्या रोजच्या जागेत, जमते करून द्यायचे. तुमच्या मुलाची रोजची जागा तुमचे घर, अंगण, शेत आणि बालवाडी ही आहे. नाशिकची भाड्याची खोली ही त्याची जागा नाही, आणि रंगीत गाद्या व टांगलेले झोके असलेला केंद्राचा हॉल तर नाहीच.

आता ती ताजा कलमाची ओळ. आपण शाळेत पाच ज्ञानेंद्रिये शिकलो. त्यांखेरीज शरीराला आणखी दोन जाणिवा सतत कळत असतात. एक तोलाची, तिचे इंद्रिय आतल्या कानात असते आणि आपण हललो, वळलो, झुकलो की ते मेंदूला कळवते. दुसरी स्नायू आणि सांध्यांची. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे आणि किती जोर लावतो आहे हे तिच्यामुळे समजते. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की काही मुलांच्या मेंदूला या सगळ्या संवेदनांची नीट जुळणी करता येत नाही. म्हणून एखादे मूल मिक्सरच्या आवाजाने हादरते, तर तेच मूल धडपडणे, उड्या मारणे आणि ओढाताण करणे मात्र सारखे शोधत राहते. ओढणे, ढकलणे, उचलणे अशा जोर लागणाऱ्या कामांनी पुष्कळ मुले शांत होतात, असा थेरपिस्टांचा रोजचा अनुभव आहे. थोडक्यात, नाशिकच्या केंद्रात तुमच्या मुलाला वजनदार चेंडू ढकलायला किंवा दोर ओढायला देतील, त्याच्याशी मिळतेजुळते काम तुमचे सासरे कोणतीही फी न घेता कापसाच्या वावरात करून घेत आहेत. फरक इतकाच, की ते कशासाठी होते आहे हे त्यांना ठाऊक नाही आणि म्हणून ते रोज होत नाही.

याचा अर्थ थेरपिस्टची गरज नाही असा घेऊ नका. कोणते काम किती वेळ, दिवसाच्या कोणत्या टप्प्यावर, आणि मुख्य म्हणजे कोणत्या उद्देशाने, हे ठरवायला शिकलेली नजर लागते. माझे म्हणणे एवढेच की ती नजर महिन्यातून एकदा मिळाली आणि उरलेले एकोणतीस दिवस घराने काम केले, तर तुमच्या परिस्थितीत ते आठवड्यातील तीन तासांपेक्षा अधिक पोहोचेल. त्यात प्रामाणिकपणे सांगायला हवे की केवळ संवेदनांवर काम करणाऱ्या पद्धतीचा पुरावा सरळसोट नाही. अमेरिकेत २०१४ साली ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या ३२ मुलांच्या अभ्यासात तिचा फायदा दिसला होता. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, १३८ मुलांच्या मोठ्या चाचणीत मात्र नेहमीच्या उपचारांपेक्षा तिचा वेगळा लाभ आढळला नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच अशी भूमिका घेतली होती की ही पद्धत व्यापक उपचाराचा एक भाग म्हणून वापरता येईल, परंतु तिच्याविषयीचे संशोधन मर्यादित आहे हे पालकांना सांगावे. याउलट जे काम यायला हवे तेच काम लहान तुकड्यांत, त्याच्याच जागेत, आईवडिलांना हाताशी धरून शिकवणे, या मार्गाची बाजू अधिक भक्कम आहे. हे सगळे मी सोने मोडण्याच्या संदर्भात लिहिते आहे. ज्या उपचाराचा पुरावा असा दुभंगलेला आहे त्यासाठी घर दोन ठिकाणी दुभंगू नये.

दुसरे गृहीतक ‘जूनपर्यंत इतर मुलांसारखा’ या शब्दांत आहे. ही मुदत कोणी घातली? पहिलीचा वर्ग आणि मेंदूची वाढ यांचे वेळापत्रक एक नसते. जूनपर्यंत तो दहा मिनिटे पाटावर बसून जेवू लागला, वर्गात आवाज असह्य झाल्यावर किंचाळण्याऐवजी बाईंचा हात धरून बाहेर जाऊ लागला आणि केस कापताना चौघांऐवजी एकट्या वडिलांनी जवळ घेतलेले पुरू लागले, तर मी त्याला फार मोठी मजल म्हणेन. तो इतरांसारखा होणार की नाही हा प्रश्न आपण विचारत बसलो की ही मजल दिसतच नाही. जे केंद्र तुम्हाला ‘सहा महिन्यांत नॉर्मल’ असे आश्वासन देईल त्याच्या पायऱ्या उतरून या. आणि याच ओघात कोणी ऑटिझमसाठी स्टेम सेलचे महागडे इंजेक्शन सुचवले तर तो मान्यताप्राप्त उपचार नाही हेही लक्षात ठेवा.

निदान पत्रावरून करता येत नाही आणि मी ते करणार नाही. परंतु उशिरा आलेले बोलणे, ऐकलेली वाक्ये पुन्हा म्हणणे, मोजकेच पदार्थ आणि आवाजाचा त्रास हे सगळे एकत्र असताना बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेली तपासणी लांबवू नये. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ पासून संवेदनांची अतितीव्र किंवा मंद प्रतिक्रिया हे ऑटिझमच्या लक्षणांत धरले आहे. संवेदनांचा वेगळा आजार असे स्वतंत्र निदान मात्र त्यात नाही. म्हणून ‘सेन्सरी प्रॉब्लेम’ एवढाच शेरा घेऊन घरी येऊ नका. त्यामागे काय आहे ते विचारा. त्याआधी कानांची तपासणी करून घ्या, जरी तो आवाजाने दचकत असला तरी, आणि डोळ्यांचीही. इतका थोडा आहार असलेल्या मुलाचे हिमोग्लोबिन पाहणे आवश्यक आहे, आणि पोट साफ होते की नाही हेही डॉक्टरांना सांगा, कारण बद्धकोष्ठ असलेले मूल चिडचिडे होते आणि आपण त्याचे खापर स्वभावावर फोडतो.

तुमच्या पतींचे ‘मीही उशिरा बोललो’ हे वाक्य मी टाकून देणार नाही. ते खरे असेल. परंतु एक मूल वाट पाहून बोलले म्हणून दुसऱ्याच्या बाबतीत वाट पाहणे ही पेरणीला पावसाचा अंदाज घेण्यासारखी गोष्ट नाही. येथे लवकर तपासण्याने काहीही बिघडत नाही आणि उशीर झाला तर पुष्कळ काही हातचे जाते. त्यांना वाद घालून पटवू नका, तपासणीच्या दिवशी बरोबर घेऊन जा. जे आईने सांगितल्यावर ऐकू येत नाही ते समोर बसलेल्या तज्ज्ञाने सांगितल्यावर ऐकू येते, हे अन्यायाचे असले तरी आपल्याकडे घडते.

कोठे जायचे? नाशिकच्या आधी स्वतःचा जिल्हा पाहा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते आणि त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय याच कार्यक्रमात आहे. अंगणवाडीताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा आणि धुळ्याच्या केंद्रात कोणत्या दिवशी कोण बसते ते फोन करून पक्के करा, कारण सरकारी ठिकाणी तज्ज्ञाचे पद मंजूर असणे आणि खुर्चीत तज्ज्ञ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुर्ची रिकामी निघाली तर नाशिक आहेच. परंतु तेव्हा तेथे बिऱ्हाडासाठी जायचे नाही, दोन-तीन दिवसांच्या सविस्तर तपासणीसाठी जायचे. धुळ्याहून नाशिक दीडशे-एकशेसाठ किलोमीटर आहे. महिन्यातून एक खेप झेपते. आठवड्यातून तीन खेपा मुलाला, तुम्हाला आणि संसारालाही झेपत नाहीत.

त्या तपासणीला जाताना फोनमध्ये दोन-दोन मिनिटांची तीन चित्रणे घेऊन जा: एक जेवणाचे, एक त्याला त्रास होत असतानाचे आणि एक शेतातले. तिसरे विसरू नका. मूल केंद्रात जसे वागते तसे घरी वागत नाही, म्हणून चांगल्या थेरपिस्टला हे चित्रण हवेच असते. तिला किंवा त्याला व्यवसायोपचाराच्या राज्य परिषदेकडील नोंदणी विचारा. यात संकोच नको. मला खोलीत बसू द्याल का, हेही विचारा. दार लावून तासभर मुलाला आत घेणारे आणि बाहेर येऊन ‘आज छान झाले’ एवढेच सांगणारे केंद्र तुमच्या उपयोगाचे नाही, कारण शिकायचे मुलापेक्षा तुम्हाला अधिक आहे. आणि ध्येये लिहून मागा, दोन किंवा तीनच, अशा शब्दांत की सासूबाईंनाही ती पूर्ण झाली की नाही हे सांगता येईल. ‘संवेदनांचे एकात्मीकरण सुधारेल’ हे ध्येय नव्हे. ‘नखे काढताना एका माणसाजवळ बसेल’ हे ध्येय. व्हिडिओ कॉलवर पाठपुरावा करणारे थेरपिस्ट आता पुष्कळ आहेत. पहिली भेट प्रत्यक्ष झाल्यानंतर तो मार्ग चांगला चालतो.

तोपर्यंत घरी काय करता येईल ते सांगते, आणि हे वाचणाऱ्या इतर आयांनीही आपापल्या मुलाप्रमाणे ते वळवून घ्यावे.

नळ्या ओढण्याचे काम योगायोगावर न ठेवता दिवसाच्या ठरलेल्या वेळी आणा. विशेषतः ज्याचा त्याला त्रास होतो त्याच्या आधी. जेवणापूर्वी भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलून आणणे, भाकरीचे पीठ तळहाताने रगडणे, भाजलेली वांगी भरितासाठी ठेचणे, धान्याची छोटी पिशवी ओट्यापर्यंत ओढत नेणे, यांतले जे त्याला आवडेल ते दहा मिनिटे. वजन त्याच्या अंगाला झेपेल इतकेच. बोटांच्या ताकदीसाठी शेंगा सोलणे, धान्यातले खडे वेचणे, कपड्यांचे चिमटे लावणे आणि रांगोळी. चिमटीत रांगोळी धरून ती सोडणे हा पेन्सिलच्या पकडीसाठी मला माहीत असलेल्या उत्तम सरावांपैकी एक आहे, आणि मुलाने रांगोळी काढू नये असे गल्लीत कोणी म्हणालेच तर डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणा. पेन्सिल सध्या बाजूला ठेवा. खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या, कारण तुकडा लहान असला की तो मुठीत धरताच येत नाही, बोटे आपोआप जुळतात. आणि लिहायला पाटीऐवजी भिंत द्या, म्हणजे मनगट आणि खांदाही कामाला लागतो.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, येईलच. आपल्याकडे निंबाच्या फांदीला झोका बांधण्याची जी रीत आहे तिचा यंदा त्याच्यासाठी उपयोग करा आणि सण सरल्यावर दोर सोडू नका. पुढे-मागे संथ झोका बहुतेक मुलांना शांत करतो. गरगर फिरवल्याने मात्र अनेक मुले चेकाळतात. तो पांढरा पडला, घाम फुटला किंवा मळमळले तर लगेच थांबवा. बसण्याची, उतरण्याची इच्छा त्याची असू द्या. जबरदस्तीने दिलेला झोका हा उपचार होत नाही.

आवाजाचा त्रास हे नाटक नाही. आपल्याला जो मिक्सर नुसता मोठा वाटतो तो त्याला दुखत असावा, असे धरूनच चाला. मिक्सर लावण्यापूर्वी सांगा, तीन आकडे मोजा, त्याला अंगणात जाऊ द्या किंवा कधी बटण त्यालाच दाबू द्या. स्वतःच्या हातचा आवाज सोसणे सोपे जाते. पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात कूलर बंद ठेवा असा सल्ला मी देणार नाही. पण तो खोलीत येण्याआधीच कूलर चालू असला तर अचानक सुरू होण्याचा धक्का टळतो, आणि एकसारखा चालणारा आवाज काही दिवसांत कानांच्या सवयीचा होऊ शकतो. लग्नाला जायचे तर हळद आणि पंगत घ्या, वरात सोडा. कानांवर लावायचे आवाजरोधक हेडफोन उपयोगी पडतात. फक्त ते दिवसभर घालून ठेवू नका.

केस चौघांनी धरून कापणे आजपासून थांबवा, मग भले दोन महिने झिपऱ्या वाढोत. प्रत्येक वेळी धरल्याने भीती पुढच्या वेळेसाठी साठत जाते. सलूनचे यंत्र नको. घरी, ओळखीच्या माणसाने, कात्रीने, आंघोळीच्या आधी आणि एका दिवशी चार कातरण्या एवढेच. जेवणातही उडी मारू नका. तो दहीभात खातो, तर तोच भात किंचित मऊ, मग त्यात दोन शिते खिचडीची, असे चालले पाहिजे. पोळी खातो तर तीच पोळी तव्यावर थोडी अधिक भाजून. नवा पदार्थ ताटात शेजारी असू द्या, खाण्याचा आग्रह नको. याला आठवडे लागतात, कधी महिने.

सासूबाईंविषयी थोडे. तुम्ही त्यांना अडथळा म्हणून रंगवले आहे आणि त्यांच्या बोलण्याने तुम्ही किती दुखावल्या आहात ते मला समजते. मुलाची ही अवस्था लाडाने झालेली नाही, आणि तुमच्यामुळेही नाही, हे त्यांना डॉक्टरांकडून कळले पाहिजे. परंतु त्याला लहानपणी तेल लावून मालिश करत असत त्या त्याच होत्या ना? ठाम दाबाचा तो हात आजही अनेक मुलांना झोपेआधी हवासा वाटतो. हलका, गुदगुल्या करणारा स्पर्श त्यांना सोसत नाही, दाब सोसतो. हे काम त्यांच्याकडे मागून पाहा. उपदेश ऐकून न बदललेली माणसे काम सोपवल्यावर बदललेली मी अधिक पाहिली आहेत. नाशिकला गेलात तर मालिश करणारा हा हात, सासऱ्यांचे वावर आणि निंबाचा झोका ही तिन्ही साधने मागे राहतील आणि तुम्ही चार भिंतींत एका दमलेल्या मुलासह एकट्या असाल. या एकटेपणाचा हिशेब तुमच्या पंचवीस हजारांत धरलेला नाही.

शाळेत मात्र त्याला घाला. निदान झाले असो वा नसो, बाईंना आधीच भेटून सांगा की तो दाराजवळ बसेल, मधूनमधून पाण्याची बादली किंवा वह्यांचा गठ्ठा उचलण्याचे काम त्याला द्यावे आणि घंटा त्याच्या कानाशी वाजू नये. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची मदत शाळेमार्फत मागता येते. पुढे ऑटिझमचे निदान झालेच तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण असून त्यात नियमित थेरपीचाही समावेश होतो. प्रमाणपत्राने मुलाला शिक्का बसेल ही भीती मी पुष्कळ घरांत ऐकते. ते कागद कपाटात ठेवण्यासाठीही काढता येतात.

तीन महिन्यांनी पुन्हा विचार करा. लिहून घेतलेल्या ध्येयांपैकी एकही हलले नाही, जिल्ह्यात कोणीही तज्ज्ञ मिळाला नाही, किंवा बोलण्याचे आणि वागण्याचे उपचारही एकाच वेळी लागतील असे तपासणीत निघाले, तर काही काळ शहरात राहण्याचा प्रश्न पुन्हा खुला होईल आणि तेव्हा मी त्याला विरोध करणार नाही. पण तेव्हा तो निर्णय पती आणि सासू-सासऱ्यांसह, मुदत ठरवून घेतलेला असेल.

आजच्या आज एक शंभर पानी वही घ्या. रोज तीनच गोष्टी लिहा: आधी काय घडले, त्याने काय केले, मग काय झाले. पंधरा दिवसांची ही वही कोणत्याही थेरपिस्टसमोर तुमच्या चार पानी पत्रापेक्षा जास्त बोलेल. पहिले पान सासऱ्यांना विचारून भरा. तो वावरात किती वेळ नळी ओढतो, कोणत्या क्षणी स्वतःहून सोडतो, आणि घरी परतताना बैलांच्या घुंगरांचा आवाज त्याला चालतो का.